आधी तापमान, मागाहून कार्बन डायऑक्साइड?

प्रश्न : हिमयुगे पृथ्वीच्या कक्षेतील बदलांमुळे आली आणि गेली, असे वाचनात आले. अंटार्क्टिकाच्या बर्फातील नोंदींत तापमान आधी वाढते आणि कार्बन डायऑक्साइड मागाहून, असेही म्हणतात. मग आजच्या तापमानवाढीचे खापर या वायूवर का फोडले जाते?

उत्तर : आपली दोन्ही विधाने बरीचशी बरोबर आहेत, आपण सुचवलेला निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

पृथ्वीची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या आवर्तनात कधी थोडी लंबगोल, तर कधी जवळजवळ वर्तुळाकार होते. अक्षाचा कल ४१ हजार वर्षांत सुमारे २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान कमीजास्त होतो. शिवाय मंदावणाऱ्या भोवऱ्यासारखा अक्ष डुलत असल्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते तो दिवस ऋतुचक्रातून सरकत जातो. आज तो जानेवारीच्या आरंभी येतो, तर सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी तो उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत असे. या सगळ्यामुळे पृथ्वीला वर्षभरात मिळणारे एकूण ऊन फारसे बदलत नाही, त्याची वाटणी बदलते. हिमयुगासाठी हिवाळ्याची थंडी निर्णायक असावी, असे एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे जेम्स क्रोल यांना वाटले होते. सर्बियन गणिती मिलुटिन मिलान्कोविच यांनी मात्र उत्तरेकडील उन्हाळ्यावर बोट ठेवले, कारण हिवाळ्यात पडलेले बर्फ उन्हाळ्यात टिकून राहिले तरच थरावर थर साचतात. १९७६ साली समुद्रतळाच्या गाळात हीच आवर्तने सापडली आणि हा विचार सर्वमान्य झाला.

पण खरी गंमत पुढेच आहे. अक्षाच्या डुलण्यामुळे उत्तरेचा उन्हाळा प्रखर होतो तेव्हा दक्षिणेचा सौम्य होतो. तरीही शेवटचे हिमयुग ओसरताना दोन्ही गोलार्ध उबदार झाले. उत्तरेत सुरू झालेला बदल साऱ्या पृथ्वीवर पोहोचवणारे काहीतरी हवे, आणि जगभरच्या हवेत मिसळून जाणारा कार्बन डायऑक्साइड त्या कामाला नेमका बसतो. बर्फ वितळू लागले की समुद्रातील प्रवाह बदलतात आणि समुद्र, विशेषतः अंटार्क्टिकाभोवतीचा, आपल्यात साठलेला हा वायू हवेत सोडू लागतो. त्याने ऊब आणखी वाढते. म्हणूनच गेल्या आठ लाख वर्षांच्या हिमनोंदीत त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे १८० ते ३०० यांदरम्यान तापमानाच्या जोडीने वरखाली होताना दिसते. कर्जामागून व्याज येते म्हणून व्याजाने देणे वाढत नाही, असे कोणी म्हणत नाही. शिवाय ‘आधी तापमान’ हे अंटार्क्टिकापुरते झाले. २०१२ साली जगभरच्या ८० नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात, शेवटचे हिमयुग संपताना पृथ्वीचे सरासरी तापमान या वायूच्या मागून वाढल्याचे दिसले.

आज परिस्थिती उलटी आहे. उत्तरेच्या उन्हाळ्यातील ऊन गेली सुमारे दहा हजार वर्षे हळूहळू कमी होत आले आहे, म्हणजे कक्षेचा ओढा थंडीकडे आहे. कार्बन डायऑक्साइड मात्र औद्योगिक काळापूर्वीच्या २८० वरून ४२० च्या पुढे गेला आहे. तो या वेळी समुद्रातून आलेला नाही, कारण समुद्र सध्या तो सोडण्याऐवजी शोषून घेत आहे आणि अधिक आम्लधर्मी होत आहे. हवेतील कार्बनच्या समस्थानिकांचे बदललेले प्रमाणही कोळसा आणि खनिज तेलाकडेच बोट दाखवते.

प्रश्न : डायनासोरांच्या काळी ध्रुवांवर मोठे हिमस्तर नव्हते. तेव्हा ही आवर्तने नव्हती काय?

उत्तर : होती. त्या काळच्या गाळाच्या खडकांतही त्यांच्या खुणा सापडतात. परंतु तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे उन्हाची वाटणी बदलूनही खंडव्यापी बर्फ साचले नाही. लक्षावधी वर्षांच्या पल्ल्यात या वायूचे प्रमाण ज्वालामुखी वाढवतात, तर पावसाने झिजणारे सिलिकेट खडक ते कमी करतात आणि तोच कार्बन अखेर चुनखडीच्या रूपाने समुद्रतळाशी जाऊन बसतो. हे प्रमाण दीर्घकाळ घटत गेल्यावर, सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठा हिमस्तर साचला. उत्तर गोलार्धातील मोठ्या हिमयुगांची ये-जा तर गेल्या सुमारे २६ लाख वर्षांतीलच आहे.