गळा एक सांगतो, पियानो दुसरंच

प्रश्न : मी सेलूच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलीनं मोबाइलवर शुबर्ट या संगीतकाराची जर्मन गाणी ऐकवली. बाई गाते एक, पियानो वाजवतो भलतंच. ही कसली साथ? आणि भाषा कळत नसताना ऐकायचं तरी काय?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : कान पक्का आहे तुमचा. आपली पेटी गळ्याचं बोट धरून चालते, गायकानं दम घेतला की तेवढी जागा भरते. शुबर्टचा पियानो असा मागं मागं फिरत नाही. गाणाऱ्याच्या तोंडी जे नाही, ते तो बोलतो.

१८१४ साली, सतराव्या वर्षी, शुबर्टनं जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातल्या ग्रेटशेन या मुलीच्या ओळींना चाल लावली. पोरगी चरख्यावर बसलीय, मन थाऱ्यावर नाही. गंमत म्हणजे ओळींमध्ये चरख्याचं नाव नाही, ते फक्त नाटकातल्या रंगसूचनेत आहे. शुबर्टनं तो पियानोत आणला. उजव्या हातात चाक गरगरतं, डाव्यात पायानं दाबायची फळी खालीवर होते. जात्यावरच्या ओवीला घरघर आयती मिळते, इथं ती बोटांनी काढायची. प्रियकराचं वर्णन करता करता तिचा आवाज चढत जातो, त्याच्या चुंबनापाशी येतो आणि पियानो थांबतो. हातातलं कामच सुटलं! मग चाक फिरायला बघतं, अडतं, पुन्हा बघतं, मग कुठं लय धरतं.

अंबाजोगाईच्या माझ्या क्लासात हे पेटीवर दाखवायला गेलो, तर डावा हात भात्यावर. शेवटी चाक मी वाजवलं आणि फळीसाठी दुसरी पेटी देऊन एक विद्यार्थी बसवला. बेसूरच झालं, पण पोरांना कळलं.

गटेला मात्र सगळ्या कडव्यांना एकच साधी चाल आवडायची. १८१६ साली शुबर्टच्या मित्रांनी गटेला त्याच्याच कवितांवरची ही गाणी पाठवली, ती काही न बोलता परत आली. माझं मत विचाराल तर चूक गटेची.

शूमन हा जर्मन संगीतकार आणखी पुढं गेला. कवी हायनच्या कवितांवरची त्याची सोळा गाण्यांची माळ १८४० सालची. पहिलं गाणं षड्जावर येतच नाही, लटकतं ठेवून संपतं. शेवटच्या गाण्यात गायक गप्प झाल्यावरही पियानो बराच वेळ एकटा वाजत राहतो. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्याला सभागृहाबाहेर काढावं.

भाषेचं म्हणाल, तर आधी कवितेचा अर्थ वाचून घ्या. पहिल्यांदा गळा ऐका, दुसऱ्यांदा फक्त डावा हात. मोबाइलच्या स्पीकरवर नको, खर्जाचे सूर तो गिळतो. इअरफोन लावा. सुरुवात शुबर्टच्या ‘विंटररायसं’ या १८२७च्या माळेतल्या चोविसाव्या, शेवटच्या गाण्यानं करा. त्यात गावाबाहेर एक म्हातारा हातानं चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य घेऊन उभा असतो, कुणी त्याच्याकडं बघत नाही. डाव्या हातात जवळपास गाणंभर फक्त सा आणि प. तुम्हाला ते जड जाणार नाही.