थकव्यासाठी फॉस्फोलिपिडची पावडर घ्यावी का?

प्रश्न : माझ्या पत्नीला सहा वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे. मेथोट्रेक्सेटमुळे सांध्यांची सूज आटोक्यात आहे, परंतु थकवा हटत नाही. सकाळच्या भाकऱ्या थापून झाल्या की तिला पुन्हा आडवे व्हावे लागते. नात्यातील एकाने फॉस्फोलिपिडची पावडर सुचवली आहे. तिच्यामुळे पेशींची झिजलेली आवरणे भरून येतात, असे ते सांगतात. दर महिन्याचा खर्च डोईजड आहे. घ्यावी का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. प्रत्येक पेशीचे आवरण फॉस्फोलिपिडांच्या, म्हणजे फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थांच्या, दुहेरी थराचे असते आणि पेशीतील ज्या मायटोकॉन्ड्रियांत अन्नापासून ऊर्जा तयार होते, त्यांची आवरणेही तशीच असतात. दीर्घकाळच्या दाहामुळे या स्निग्धांशांचे ऑक्सिडीकरण होते, हेही खरे. आवरणाच्या या रचनेचे आज सर्वत्र शिकवले जाणारे प्रारूप सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 साली मांडले आणि त्यांपैकी निकोल्सन यांनीच पुढे ‘लिपिड रिप्लेसमेंट’ची, म्हणजे आवरणांतील बिघडलेले स्निग्धांश बाहेरून भरून काढण्याची, कल्पना लावून धरली. मात्र मोठ्या शास्त्रज्ञाची कल्पना म्हणजे सिद्ध झालेला उपचार नव्हे.

पावडरमधील लेसिथिन, म्हणजे फॉस्फोलिपिडांचे मिश्रण, जे बहुधा सोयाबीनचे असते, जसेच्या तसे पेशीपर्यंत पोहोचत नाही. स्वादुपिंडाच्या पाचकरसाने आतड्यात त्याचे तुकडे होतात, आतड्याच्या पेशी ते पुन्हा जोडतात आणि मग इतर चरबीबरोबर ते रक्तात जाते. त्यातले किती, थकलेल्या स्नायूच्या नेमक्या कोणत्या आवरणात बसते, हे विक्रेता सांगू शकणार नाही. थकवा कमी झाल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत, परंतु ते लहान गटांवरचे असून काहींत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. आणि थकव्यासारख्या स्वतःच मोजायच्या लक्षणावर नुसत्या आशेचाही परिणाम होतो. शिवाय अशा काही पावडरींत जीवनसत्त्वेही मिसळलेली असतात, त्यामुळे गुण कशाचा आला हे ठरवणे कठीण होते. डबा हाती घेऊन पाहावा : आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे भारतात बंधनकारक आहे.

माझ्या मते पैसे आधी तपासण्यांवर खर्च करावेत. संधिवातात रक्तक्षय वारंवार आढळतो आणि इथे एक फसगत होते : दाहामुळे फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) वाढते, त्यामुळे लोह कमी असूनही अहवालात ते ठीक दिसू शकते. म्हणून हिमोग्लोबिन व फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचे प्रमाण), दाह दाखवणारी सीआरपी, बी-12 आणि थायरॉइडची टीएसएच पाहावी, असे डॉक्टरांना सुचवावे. मेथोट्रेक्सेटची आठवड्यातील मात्रा घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अनेकांना गळून गेल्यासारखे वाटते. पत्नींचा थकवा त्याच वारी वाढतो का, याची नोंद ठेवावी आणि मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी दिले जाणारे फॉलिक ॲसिड नियमित घेतले जाते का, हेही पाहावे. रात्रीची झोप आणि मनाची उदासी यांबद्दल आपण होऊन कोणी बोलत नाही, म्हणून डॉक्टरांसमोर तो विषय काढावा. संधिवातातील थकव्यावर नियमित, झेपेल एवढ्या व्यायामाचा पुरावा या पावडरपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. रंकाळ्याकाठी दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालेल.

हेच लेसिथिन आहारातूनही मिळते : अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असते.

तरीही प्रयोग करायचाच असेल, तर तो डॉक्टरांना सांगूनच करावा; सोयाबीनची ॲलर्जी असल्यास करूच नये आणि थायरॉइडची गोळी चालू असल्यास दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. दोन आठवडे आधीपासून रोज रात्री थकव्याला शून्य ते दहापैकी गुण द्यावेत, मग एकच डबा आणावा. तो संपेपर्यंत दुसरे काही नवे सुरू करू नये आणि गुणांत फरक पडला नाही, तर दुसरा डबा घेऊ नये. मेथोट्रेक्सेट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारता, बंद करू नये.