बचावाची मांडणी बदलली की पास रशरचं काय होतं?

प्रश्न : सर, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मित्र रविवारी रात्री जागून अमेरिकन फुटबॉल बघतो. दरवर्षी कुठल्या तरी संघात नवा बचाव प्रशिक्षक येतो आणि 'चार-तीन'चं 'तीन-चार' करतो. मग त्या संघाचा हुकमी पास रशर एक तर गायब होतो, नाहीतर दुपटीनं चमकतो. पुढच्या रांगेत एक माणूस कमी-जास्त झाल्यानं एवढा फरक कसा पडतो? रशरला नव्यानं नेमकं काय शिकावं लागतं?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मनापासून आवडला प्रश्न. या खेळात मी सगळ्यात जास्त बघतो ते रशरचे पाय, त्यामुळं सविस्तरच लिहितो.

ज्यांचा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा, म्हणजे पायानं खेळायचा आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढं पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. ही भिंत फोडून किंवा वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं, हे पास रशरचं काम. चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला पाडलं की तो सॅक; दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा. 'चार-तीन' म्हणजे पुढं चार गडी हात जमिनीला टेकवून आणि त्यांच्या मागं उभे तीन लाइनबॅकर, म्हणजे बचावाची दुसरी रांग. 'तीन-चार' म्हणजे पुढं तीन, मागं चार, आणि त्या चारांतले कडेचे दोघं बहुतेक वेळा उभ्यानं रश करतात.

आता तुझी शंका. माझं मत ठाम आहे : या आकड्यांवरून काहीही ठरवू नकोस. चेंडू हलल्यावर त्या गड्याला पहिलं पाऊल कुठं टाकायला सांगितलंय, ते बघ.

मारिओ विल्यम्स घे. २००६ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत ह्यूस्टनच्या संघानं त्याला सगळ्यांत आधी निवडलं. पाच वर्षं तो चार-तीनमध्ये कडेला हात टेकवून खेळला. २०११ मध्ये वेड फिलिप्स बचाव प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी तीन-चार आणली. एवढा अवजड माणूस उभा राहून काय खेळणार, असं बरेच जण म्हणत होते. त्यानं पहिल्या पाच सामन्यांत पाच सॅक घेतले. मग छातीचा स्नायू फाटला आणि त्याचा हंगाम संपला. पुढं तो बफेलोला गेला. तिथं २०१४ मध्ये जिम श्वार्ट्झच्या चार-तीनमध्ये त्याचे साडेचौदा सॅक झाले. दुसऱ्या वर्षी रेक्स रायन मुख्य प्रशिक्षक झाले, मांडणी पुन्हा तीन-चारकडं झुकली, आणि सबंध हंगामात त्याच्या नावावर पाच सॅक लागले. संघाचे आदल्या वर्षी ५४ होते, ते २१ वर आले. आपल्याला चेंडूमागं सोडायचं सोडून कव्हरेजसाठी, म्हणजे फेक झेलायला धावणाऱ्यांना अडवायला, मागं पाठवतात, ही नाराजी त्यानं उघडपणे बोलून दाखवली होती.

माणूस तोच, तीन-चारही तीच. फिलिप्स त्याला पुढं घुसायला लावत होते. बफेलोत त्याला आधी बघ, थांब, कधी मागं सरक, असं सांगितलं जात होतं. फरक तिथं पडला.

शिकायला काय लागतं म्हणशील, तर पहिला पवित्रा. हात टेकवून बसलेल्या गड्याचा भार बोटांवर असतो, कंबर वर असते. चेंडू हलला की तो पुढंच जातो, दुसरीकडं जायची सोयच नसते. त्यालाच उभा करून बघ. पुढं झेप घेण्याआधी त्याचा पाय नकळत थोडा मागं पडतो, जोर घ्यायला. डोळ्याला ते दिसतही नाही, पण तेवढ्यात समोरचा टॅकल आपली जागा धरून मोकळा होतो. म्हणून उभ्यानं खेळायला लागलेल्या रशरला आधी भार पुढच्या पायावर ठेवून पाय मागं न टाकता सुटायला शिकवावं लागतं. हे आठवड्याभरात होत नाही. उन्हाळ्याच्या सरावात शेकडो वेळा तेच एक पाऊल टाकून घ्यावं लागतं. उभं राहण्याचा फायदाही आहे. नजर वर राहते, टॅकल कसा मागं सरकतोय ते दिसतं, आत घुसायचं की बाहेरून जायचं हे चेंडू हलायच्या आधी ठरवता येतं.

दुसरी गोष्ट वाटेची, आणि हुकमी रशर गायब होतो तो बहुतेक वेळा इथंच. काही प्रशिक्षक प्रत्येक गड्याला भिंतीतल्या दोन गड्यांमधली एकच फट देतात : ही तुझी, घूस. काही जण दोन फटी देतात. म्हणजे समोरच्याला दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, चेंडू डावीकडं जातोय की उजवीकडं ते बघायचं, आणि मगच त्याला झटकून जायचं. ज्याची सगळी पुंजी पहिल्या झेपेत आहे, त्याला दोन फटी सांभाळायला लावणं म्हणजे ती पुंजी काढून घेणं. फिलिप्सची तीन-चार बहुतांशी एका फटीची. २०१७ मध्ये ते लॉस एंजेलिस रॅम्सकडं आले तेव्हा आधी चार-तीनमध्ये आतून घुसणाऱ्या ॲरन डोनाल्डचं काय होणार, अशी चर्चा झाली. डोनाल्ड त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढच्या वर्षी साडेवीस सॅक घेऊन त्यानं तो किताब पुन्हा मिळवला.

तिसरी गोष्ट रुंदीची. टॅकलच्या खांद्याला खेटून उभं राहणं वेगळं आणि त्याच्यापासून बरंच बाहेर, सरळ धाव मिळेल असं उभं राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला 'वाइड नाइन' म्हणतात. २०११ मध्ये फिलाडेल्फियात जेसन बॅबिननं या जागेवरून १८ सॅक घेतले. त्याची किंमत संघ मोजतो. कडेचा गडी एवढा लांब गेला की त्याच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये धावणाऱ्याला मोठी वाट मिळते, आणि ती बुजवायचं ओझं मागच्या लाइनबॅकरवर येतं. सॅक मोजणाऱ्यांना हे ओझं दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चौथी, कव्हरेजसाठी मागं सरकणं. ज्यानं शाळेपासून फक्त पुढं धावणं केलंय, त्याला अचानक पाठीमागं जात क्वार्टरबॅकचे डोळे आणि अंगावर येणारा रिसीव्हर (फेक झेलणारा गडी) एकदम सांभाळायचा. डोकं अडकलं की पायही अडकतात. हा गडी रश करतानाही अर्धं पाऊल उशिरा निघायला लागतो, कारण मनात चाललेलं असतं : मी या वेळी पुढं जायचंय की मागं?

हाताची कामं मात्र मांडणीबरोबर बदलत नाहीत. समोरच्याचे हात झटकणं, काखेखालून हात घालून पुढं निसटणं, छातीत घुसून ढकलणं, गिरकी घेणं, हे सगळं जसंच्या तसं राहतं. मी तालमीत घाम गाळलेला माणूस आहे, म्हणून मला हे मातीतून मॅटवर जाण्यासारखं वाटतं. पकड तीच, डाव तेच, पण पाय वेगळे पडतात आणि वेळेचा हिशेब बदलतो. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट त्यांच्या सवयीची नव्हती, सहावा क्रमांक आला. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य मिळवलं. मधली चार वर्षं त्यांना मिळाली. रशरला बहुतेक वेळा एकच उन्हाळा मिळतो.

म्हणूनच इंडियानापोलिसचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ड्वाइट फ्रीनी आणि रॉबर्ट मॅथिस वर्षानुवर्षं चार-तीनमध्ये दोन कडांना हात टेकवून खेळले. फ्रीनीची गिरकी तर नावाजलेली. २०१२ मध्ये चक पगानो आले, दोघांनाही उभं केलं. दोघंही तिशी ओलांडलेले. फ्रीनीला त्या हंगामात पाच सॅक मिळाले, त्यात घोट्याचंही दुखणं होतं, आणि हंगामानंतर तो दुसऱ्या संघात गेला. मॅथिसला पहिल्या वर्षी आठ मिळाले, आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१३ ला, साडेएकोणीस. त्या हंगामात सबंध लीगमध्ये त्याच्या पुढं कोणी नव्हतं. बदलाचं पहिलं वर्ष बघून माणसाला मोडीत काढणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

आणि सगळा दोष मांडणीवर टाकायचीही घाई नको. डीमार्कस वेअरनं डॅलसच्या तीन-चारमध्ये २००८ ला वीस सॅक घेतले होते. २०१३ ला संघानं चार-तीन आणली, वेअरला हात टेकवायला लावलं, सॅक सहावर आले. लोक म्हणाले, मांडणीनं घात केला. पण त्याच वर्षी दुखापतीमुळं त्याचे तीन सामने हुकले, तसं आधी कधी झालं नव्हतं. नंतर तो डेन्व्हरला गेला आणि २०१४ मध्ये चार-तीनमध्येच दहा सॅक घेतले. २०१५ ला तिथं फिलिप्स आले, पुन्हा तीन-चार. त्या हंगामाची अखेर म्हणजे पन्नासावा सुपर बोल, लीगचा अंतिम सामना. आपल्याकडं सोमवारची पहाट होती. वेअरचे दोन सॅक आणि दुसऱ्या कडेनं व्हॉन मिलरचे अडीच, शिवाय मिलरनं दोनदा क्वार्टरबॅकच्या हातातला चेंडू पाडला. डेन्व्हर २४–१० नं जिंकलं आणि सामनावीर ठरला मिलर. कडेचे दोघंही मांडणीबदलातून गेलेले. तो सामना मिळाला तर नक्की बघा.

येत्या रविवारी चौघांनी एक करा. चेंडूकडं बघायचा मोह सोडा. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू हलायच्या, आधी रशर टॅकलपासून किती लांब आहे ते एकानं बघायचं, दुसऱ्यानं त्याचं पहिलं पाऊल, तिसऱ्यानं तो किती वेळा मागं सरकतो ते. चौथ्यानं त्याच्या शेजारचा आतला गडी बघायचा. आतून भिंत ढकलली गेली नाही, तर क्वार्टरबॅक सरळ पुढं पाऊल टाकतो आणि कडेनं आलेला रशर त्याच्या मागून निघून जातो. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. आणि हल्ली फेकीच्या डावात मागं पाच बचावपटू ठेवतात, त्यामुळं कागदावर तीन-चार असणारा संघही बऱ्याचदा चौघांनाच पुढं सोडताना दिसेल.

प्रश्न : जुन्या काळातल्या रशरचे सॅक यादीत का सापडत नाहीत?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : एनएफएलनं, म्हणजे अमेरिकेतल्या या व्यावसायिक लीगनं, सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवली. त्यामुळं साठच्या दशकात गाजलेल्या डीकन जोन्ससारख्याचं नाव अधिकृत यादीत दिसत नाही. जुन्या-नव्यांची तुलना करताना एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : सर, मी गडहिंग्लजला क्रीडाशिक्षिका आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे, म्हणून मुलींचा संघ बांधतेय. त्यात रशरला कसं तयार करायचं?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मॅडम, अभिनंदन! इथं पाचजणींचा संघ असतो, भिंत नसते, अंगाला भिडणं नसतं. चेंडू घेऊन धावणारीच्या कमरेच्या पट्ट्याची फित ओढली की तो डाव तिथंच थांबतो. रशर रेषेपासून सात यार्ड मागून, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवरून निघते. त्यामुळं ताकदीपेक्षा कोन आणि सुरुवात महत्त्वाची. चुन्यानं सात यार्डांची खूण करा आणि चेंडू हलताच निघायचा सराव रोज थोडा थोडा घ्या, शिट्टीवर नको, चेंडूवरच. शिट्टीची सवय लागली की सामन्यात कान वाट बघत बसतात.

मांडणीचा प्रश्न तुम्हालाही येणारच. मुली जागा धरून बचाव करत असतील, तर मोकळ्या जागा उशिरा उघडतात. तेव्हा रशरनं पोचून फित ओढायचा प्रयत्न करायचा, वेळ तिच्या बाजूनं असते. प्रत्येकीला एकेक रिसीव्हर वाटून दिली असेल, तर फेक लवकर सुटते. तिथं फितीमागं न लागता फेकणाऱ्या हाताच्या रेषेत धावायचं आणि जवळ येताच हात उंच करायचा. हे दोन्ही सराव वेगवेगळ्या दिवशी घ्या, आणि सामन्याआधी कुठला बचाव आहे हे रशरला आधी सांगा, बाकीच्यांना नंतर.