अक्कलदाढ काढल्यावर काय सांभाळावं?

सगळ्यात जपायची ती खड्ड्यात साकळलेली रक्ताची गुठळी. ती निसटली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणून डॉक्टरांनी ठेवलेला गॉजचा (जाळीदार कापडाचा) बोळा 30 ते 45 मिनिटं घट्ट चावून धरा, सारखा काढून बघू नका. पहिले 24 तास चूळ भरणं, थुंकणं, स्ट्रॉने पिणं बंद. तंबाखू-सिगारेट किमान 72 तास नकोच, खरं तर जखम भरेपर्यंत नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच फिरवा. सूज दोन-तीन दिवस वाढते, तेवढ्याने घाबरू नका. त्यानंतरही वाढली, ताप आला किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा, स्वतःहून मात्र ती थांबवू नका.