भयकथांवरून केलेले अँबियंट संगीत मालिकेच्या पार्श्वसंगीतासारखे का वाटते, आणि ते कसे टाळावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचून आपल्याला अँबियंट संगीत (म्हणजे वातावरणासारखे भोवती संथपणे पसरून राहणारे संगीत) करावेसे वाटते, साहित्य म्हणून लॅपटॉप, हेडफोन आणि मोबाइल एवढेच आहे, पण तयार झालेली प्रत्येक रचना भुतांच्या मालिकेमागे वाजणाऱ्या संगीतासारखी वाटते. मी सोलापुरात राहतो आणि काही वर्षे याच प्रकारचे काम करतो आहे. सुरुवातीला माझेही नेमके हेच होत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

मालिकेचे पार्श्वसंगीत प्रसंगाच्या मागे धावत असते. दार उघडले की ठोका, सावली हलली की व्हायोलिनची किंकाळी. ते ऐकणाऱ्याला कुठे घाबरायचे हे सांगते, आणि सांगून आलेली भीती तिथल्या तिथे संपते. अँबियंट संगीताची वाट याच्या उलट जाते. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या ध्वनिमुद्रिकेसोबत १९७८ साली लिहिलेल्या टिपणात अशी अपेक्षा मांडली होती की हे संगीत मन लावून ऐकता यावे आणि त्याकडे दुर्लक्षही करता यावे. भयकथेला आपले संपूर्ण लक्ष हवे असते, तर अँबियंट संगीत लक्ष काढून घेण्याची मुभा देते. हा पेच सोडवण्याच्या मागे लागू नका, कारण माझ्या मते या प्रकाराची सगळी ताकद त्यातच आहे. ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असताना काहीतरी बदलले पाहिजे, आणि त्याचे लक्ष परत येईल तेव्हा तो बदल होऊन गेलेला असला पाहिजे.

हे मला एका जुन्या इंग्रजी कथेतून उमगले. अल्जर्नन ब्लॅकवुड यांच्या १९०७ सालच्या 'द विलोज' या कथेत दोन प्रवासी डॅन्यूब नदीला पूर आलेला असताना वाळुंजाच्या झुडपांनी भरलेल्या एका बेटावर मुक्काम करतात. त्यांच्या अंगावर कुणीही धावून येत नाही. झुडपे मात्र पूर्वीपेक्षा तंबूच्या जवळ आल्यासारखी वाटतात, आणि दूरवर घुमणाऱ्या घंटेसारखा एक नाद ऐकू येत राहतो, ज्याची दिशाच कळत नाही. आपल्या रसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर भयानक रसाचा स्थायी भाव भय आहे आणि अद्भुताचा विस्मय. अशी कथा या दोन रसांच्या सांध्यावर उभी असते. किंकाळ्या, कुत्र्यांचे रडणे आणि विजांचा कडकडाट वापरून आपण केवळ भयाकडे जातो आणि विस्मय हातातून निसटतो.

विस्मयासाठी आवाज ओळखीचा असावा लागतो, पण पुरता ओळखू येता कामा नये. म्हणून तयार 'हॉरर' ध्वनींचे संच बाजूला ठेवा आणि आपल्या घराभोवती जे वाजते आहे ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मी शहराच्या पूर्व भागात राहतो, त्यामुळे माझ्या वाट्याला यंत्रमाग आले. एका ओळखीच्या कारखान्यात मालकांच्या परवानगीने उभा राहून मी एकाच मागाचा आवाज दहा मिनिटे मुद्रित केला. धोटा (आडवा धागा वाहून नेणारा भाग) एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत आदळतो तो ठोका, त्याच्या लगेच मागे फणीचा दणका, आणि या दोहोंच्या मध्ये पट्ट्याची सळसळ. ठोके मोजले तेव्हा मिनिटाला सुमारे १२० भरले, म्हणजे सेकंदाला दोन. हाच आवाज ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आठपट संथ केला की दर चार सेकंदांना एक ठोका पडतो आणि सगळा नाद तीन सप्तके खाली उतरतो. धोट्याचा ठोका आता बंद दारावर कुणी तळहात टेकवावा तसा येतो, आणि पट्ट्याची सळसळ श्वासासारखी वाटू लागते. माझ्या गल्लीतल्या, जन्मभर माग ऐकलेल्या माणसांना हा आवाज कुठेतरी ऐकला आहे असे वाटते, पण त्याचे नाव सांगता येत नाही. मला नेमके तेच हवे होते.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. मोबाइलने २० हजार हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) ध्वनी टिपले असले तरी आठपट संथ केल्यावर ते अडीच हजार हर्ट्झच्या आत येतात, त्यामुळे आवाज झाकल्यासारखा मंद होतो. काही जण त्यात वरचे सूर कृत्रिमपणे भरतात. मी भरत नाही, कारण तो झाकलेपणाच मला उपयोगी पडतो. ऑडॅसिटीत पॉलस्ट्रेच नावाची दुसरी सोय आहे, ती सुराची उंची न बदलता आवाज हवा तितका ताणते. पण तिच्यात ठोके विरघळून जातात, म्हणून मागासाठी ती नको. माणसाचा आवाज, झऱ्याचे पाणी, भांड्यांचा नाद यांना ती फार चांगली.

देवळातील घंटा, आरती, अजान असे आवाज मी भीतीसाठी वापरत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मी पुष्कळ ध्वनिमुद्रण केले आहे, पण ते सगळे वेगळे ठेवले आहे. ज्या आवाजाने कुणाला आधार मिळतो, त्याच आवाजाने त्याला घाबरवणे मला पटत नाही.

सुरांकडे वळायचे तर आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे, आणि या सवयीचा उपयोग करून घेता येतो. तानपुऱ्याची पहिली तार बहुधा पंचमाची असते आणि नंतरच्या तिन्ही तारा षड्जाच्या. मी फक्त पहिली तार मुद्रित करतो आणि तिच्यामागे षड्जाची जागा तेवढ्याच काळासाठी रिकामी सोडतो. ऐकणारा सुरुवातीला मनातल्या मनात षड्ज भरून घेतो. पुढे बारा-पंधरा मिनिटांत तो पंचम अर्ध्या स्वराने, म्हणजे तीव्र मध्यमापर्यंत खाली आणला, तर कोणत्याही एका क्षणी उतरण जाणवत नाही, पण ऐकणाऱ्याने मनात धरलेला षड्ज हळूहळू खोटा ठरत जातो. झुडपे जवळ सरकल्याचा अनुभव सुरांतून द्यायचा मला सापडलेला हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

घुमाऱ्यासाठी सॉफ्टवेअरमधील तयार रिव्हर्बपेक्षा, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्यापेक्षा, खरी जागा केव्हाही चांगली. एका नातेवाइकांच्या शेतातील बांधीव पायविहिरीत खालच्या पायरीवर उभे राहून मी एक फुगा फोडला आणि तो आवाज शेवटचा घुमारा विरेपर्यंत मुद्रित केला. खऱ्या जागेचा घुमारा दुसऱ्या आवाजाला देणाऱ्या कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये हे मुद्रण घातले की कोणताही आवाज त्या विहिरीत घुमल्यासारखा येतो. असे मोफत प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे भाग, सहज मिळतात. पहिल्या फुग्याला विहिरीतले पारवे उडाले आणि त्यांच्या पंखांची फडफडही मुद्रणात आली, त्यामुळे आता तानपुऱ्याच्या प्रत्येक छेडण्यामागे काहीतरी उडून गेल्याचा भास होतो. स्वच्छ मुद्रण नंतर मिळाले, तरी मी ते पहिलेच वापरतो.

कथेतील अकल्पनीय गोष्टच वाजवून दाखवण्याचा मोह टाळावा. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या 'द म्युझिक ऑफ एरिक झान' या कथेत एक म्हातारा वादक रात्री माळ्यावर विलक्षण काही वाजवतो आणि निवेदक कितीदा तरी बंद दाराबाहेर उभा राहून ते ऐकतो. ते संगीत आपण कधीच करू शकणार नाही. ते दाराबाहेर कसे ऐकू येत असेल, हे मात्र करू शकतो. आपल्या रचनेतील सर्वांत भीतिदायक ध्वनिपट्टी (ट्रॅक) घ्या, तिचे ४०० हर्ट्झच्या वरचे सगळे ध्वनी कापून टाका आणि ती इतकी हळू ठेवा की ऐकणाऱ्याला ती खरोखरच शेजारच्या खोलीत आहे असे वाटावे. खर्जाचे थर दोन्ही कानांत सारखेच ठेवावेत, कारण साधारण ८० हर्ट्झच्या खाली कानाला दिशा नीटशी कळतच नाही. मात्र मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा सगळा भाग गायब होतो, म्हणून हेडफोनवर आणि बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर, दोन्हीकडे तपासून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे तंत्र मला वीज गेल्यामुळे कळले. एका उन्हाळ्यात मध्यरात्र उलटल्यावर वीज गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. ते तर नेहमीचेच होते. पण या वेळी खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटली, आणि थोड्या वेळाने कारण लक्षात आले: कोपऱ्यावरच्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, घूं थांबली होती. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला-आखडला जातो, त्यामुळे त्याचा मूळ नाद १०० हर्ट्झचा असतो. दिवसरात्र ऐकत असल्यामुळे मी तो कधीच ऐकला नव्हता. तेव्हापासून मी आवाज वाढवून भीती आणण्याचे सोडले आणि काढून घेण्याकडे वळलो.

पुढच्या रचनेत मी १०० हर्ट्झचा एक क्षीण नाद तिसऱ्या मिनिटापासून मागाच्या आवाजाखाली अंथरला आणि चौदाव्या मिनिटाला तो काढून टाकला. प्रथम तो दोन मिनिटांत हळूहळू विरवला, तर कुणालाच काही जाणवले नाही. मग तो एका क्षणात तोडला, बाकी सगळे आहे तसेच चालू ठेवले, आणि काहीही न सांगता घरात मोठ्या स्पीकरवर लावून दिले. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माझ्या मामांनी चौदाव्या मिनिटाला मान वर केली, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "लाइट गेली का रे?" त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरतच होता.