वाटाघाटींच्या प्रशिक्षणाचा परिणाम मोजताना

तंटामुक्त समितीच्या सदस्यांना दिलेल्या प्रशिक्षणाचा परिणाम आपण मोजू इच्छिता, ही फार मोलाची गोष्ट आहे. प्रशिक्षणापूर्वीच्या वर्षाची तंटा-नोंदवही आधी उतरवून घ्या, कारण तिच्याशिवाय पुढचे आकडे ताडून पाहता येत नाहीत. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये अशा मूल्यमापनाच्या प्रतिक्रिया, शिक्षण, वर्तन आणि परिणाम अशा चार पायऱ्या मांडल्या. नवखे बहुधा पहिल्याच पायरीवर, म्हणजे समारोपाच्या अभिप्रायपत्रावर, थांबतात.

दोन चुका टाळा:

- तंटे कमी नोंदले गेले म्हणजे यश, असे मानू नका. लोकांनी समितीकडे येणेच सोडलेले असू शकते.
- समझोता झाला त्याच दिवशी प्रकरण मिटले असे लिहू नका. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद पेरणीच्या तोंडावर पुन्हा उफाळतो, म्हणून पुढच्या मृगानंतर दोन्ही पक्षांना वेगवेगळे भेटून समझोता टिकला का, हे विचारा, आणि ही विचारपूस प्रशिक्षकाने स्वतः करू नये.

संख्याशास्त्राची चिंता तूर्त करू नका.