फुकटचं कोण खातं?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कांड्या भरायला, शिलाईला बायका मिळत नाहीत. रेशन फुकट, वर लाडकी बहीणचे १५०० रुपये. मग कामाला कोण येणार? आमच्या करावर हे किती दिवस चालायचं?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात १५०० चा आकडा आहे, तुमच्या हजेरीचा, म्हणजे रोजच्या मजुरीचा, कुठेच नाही.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि संध्याकाळी विड्या जमा करायला कारखान्याच्या ब्रांचसमोर रांग. हजार विड्या मोजून दिल्या की चेकर मूठभर छाट म्हणून बाजूला सारायचा. त्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत! पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालून विकत घ्यायची. तरी घर चाललं, ते रेशनच्या धान्यावर. सरकार आम्हाला पोसतंय, असं तेव्हा वाटायचं. हिशेब फार उशिरा कळला. पोट भरेल एवढी मजुरी न देताही आई दुसऱ्या दिवशी धडधाकट कामाला बसायची, ही सोय कारखान्याला फुकट होती.

आताचं बघा. माणशी ५ किलो धान्य, पाच माणसांचं २५ किलो. बाजारभावानं हजाराच्या आसपास धरा. त्यात १५०० मिळवले तर दिवसाला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये होतात. त्यात भाडं, दवाखाना, पोरांची फी बसते का ओ? काम बाईला लागतंच. पडेल त्या हजेरीला हो म्हणायची घाई तेवढी कमी झालीय. तुम्हाला बोचतंय ते बहुधा हेच.

कराचं म्हणाल तर साबणावर जीएसटी तीही भरते. आणि यंत्रमागाच्या विजेला राज्य सरकार सवलत देतं. नव्या मशिनरीच्या कर्जावर व्याजात सूट देणारी केंद्राची योजना १९९९ मध्ये आली होती. तिला कुणी फुकटचं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. सोलापूरजवळ कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार बायकांची १०,००० घरं उभी राहिली, तेव्हा मात्र ऐकलं. त्या घरांत बायकांनी आपला हिस्सा घातला होता, तरीही. सवलत बंद करा असं मी म्हणत नाही. माग थांबले तर सोलापुरात उरतं काय?

गेटवर एक पाटी लावून बघा : हजेरी इतकी, सुटी या वारी, फंड कापून भरतो. महिनाभरानं पुन्हा लिहा. सोबत वीजबिलाची झेरॉक्स जोडलीत तर बरं.